एक किलो क्रोमिक ॲसिडसाठी मेटाबायसल्फाइट किती? समजून घ्या मोलचं गणित

काळेवाडीहून पिंपरीला जाताना पुलाखाली पवना दिसते. ती दापोडीजवळ मुळेला मिळते आणि पुढे हे पाणी भीमेतून उजनी धरणात जातं. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात गाड्यांच्या पार्टना क्रोम प्लेटिंग करणारी छोटी युनिट्स आहेत. पार्ट धुताना क्रोमिक ॲसिड पाण्यात उतरतं. त्यातलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक मानलं जातं, म्हणून नदीत सोडायच्या सांडपाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे फक्त 0.1 मिलिग्रॅम आहे.

उपाय जुना आणि स्वस्त आहे: पाणी आम्लधर्मी ठेवून त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचं. (बिस्किटाच्या पुड्यावर 223 हा आकडा दिसतो ना, तेच हे.) पिवळं-केशरी पाणी हिरवट होतं, म्हणजे घातक क्रोमियमचं तुलनेने कमी घातक ट्रायव्हॅलंट क्रोमियम झालं. पण पावडर टाकायची किती?

किलोला किलो का चालत नाही?

नट-बोल्टचं उदाहरण घ्या. एका बोल्टला दोन नट लागत असतील, तर किलोभर बोल्टला दोन किलो नट लागतीलच असं नाही. आधी एका नगाचं वजन माहीत हवं. रसायनांचंही तसंच. रेणू नगावर जुळतात, आपण मात्र ते वजनावर विकत घेतो. नग आणि वजन यांना जोडणारं माप म्हणजे मोल. एक मोल म्हणजे सुमारे 6.022 गुणिले 10 चा 23 वा घात इतके कण.

क्रोमियमचा प्रत्येक अणू 3 इलेक्ट्रॉन घेतो आणि मेटाबायसल्फाइटचा एक रेणू 4 देतो. हिशोब 12 वर जुळतो, म्हणून 4 मोल क्रोमिक ॲसिडला 3 मोल मेटाबायसल्फाइट लागतं.

आता वजन. प्लेटिंगवाले ज्याला क्रोमिक ॲसिड म्हणतात ते खरं तर क्रोमियम ट्रायऑक्साइड. त्याचा एक मोल 100 ग्रॅमचा, मेटाबायसल्फाइटचा 190 ग्रॅमचा. एक किलो क्रोमिक ॲसिड म्हणजे 10 मोल. त्याला 7.5 मोल मेटाबायसल्फाइट हवं. 7.5 गुणिले 190, म्हणजे 1,425 ग्रॅम.

समजा, किलोला किलो टाकलं. 1,000 भागिले 190 म्हणजे 5.26 मोल. एवढ्यात साधारण 7 मोल क्रोमिक ॲसिडचं काम होतं, 3 मोल तसंच उरतं. त्यात सुमारे 155 ग्रॅम हेक्साव्हॅलंट क्रोमियम असतं. ते नुसतं पाणी मिसळून मर्यादेत आणायचं म्हटलं तर साडेपंधरा लाख लिटर पाणी लागेल. दहा हजार लिटरचे 155 टँकर!

मग 1,425 ग्रॅम मोजून टाकलं की झालं?

तेवढ्यानेही भागत नाही. हा आकडा शुद्ध पावडरचा आहे. जुन्या पोत्यातल्या पावडरचा जोर कमी झालेला असतो, थोडी हवेतल्या ऑक्सिजनवर खर्च होते आणि थोडा सल्फर डायऑक्साइड वायू उडून जातो. (नाकाला झोंबतो तो हाच, त्यामुळे जागा हवेशीर हवी.) म्हणून प्रत्यक्षात थोडी जास्त टाकतात. पाण्याचा पीएच 2 ते 3 असावा लागतो, नाहीतर क्रिया फार मंदावते.

पुढची पायरी चुन्याची. पीएच 8-9 पर्यंत चढवला की क्रोमियम हायड्रॉक्साइडचा हिरवट गाळ खाली बसतो. इथे 2 मोल क्रोमियमला 3 मोल विरलेला चुना लागतो. म्हणजे आपल्या 10 मोलसाठी 15 मोल, सुमारे 1.11 किलो. पाण्यातलं उरलेलं ॲसिड मारायला लागणारा चुना वेगळा.

पाणी सोडण्याआधी एक चाचणी असते. नमुन्यात आम्ल आणि डायफिनाइलकार्बाझाइड टाकायचं. रंग जांभळट-गुलाबी झाला, तर हेक्साव्हॅलंट क्रोमियम अजून शिल्लक आहे.