एका अपघाती माशीचे चरित्र

१९६३. अमेरिकेतील येल विद्यापीठात कुलबीर गिल हे संशोधक फळमाश्यांवर क्ष-किरण सोडून मादीच्या वंध्यत्वाचे कोडे उलगडू पाहत होते. हाती लागले भलतेच. एका वाणातील नर माद्यांशी समागम करीत नव्हते, आणि इतर नरांचे प्रियाराधन मात्र तितक्याच उत्साहाने करीत होते. गिल यांनी हे निरीक्षण एका छोट्या टिपणात नोंदवले व पुन्हा आपल्या मूळ विषयाकडे वळले.

ही नोंद महत्त्वाची का? फळमाशीच्या नराचे प्रियाराधन ठरलेल्या क्रमाने चालते. तो मादीमागे जातो, पुढच्या पायाने तिला स्पर्शून तिच्या अंगावरील कामगंध चाखतो (कपाशीतल्या कामगंध सापळ्यांमुळे हा शब्द शेतकऱ्याला परिचित आहे), एकच पंख थरथरवून ‘गातो’ आणि मग समागमाचा प्रयत्न करतो. एकाकी वाढवलेल्या नरालाही हे शिकवावे लागत नाही. म्हणजे हा विधी कोठेतरी जनुकांतच लिहिलेला असणार.

गिल यांनी या वाणाला ‘फ्रुटी’ म्हटले होते. समलिंगी पुरुषांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा हा शब्द; प्रयोगशाळेतील थट्टाही आपल्या काळाची साक्ष देते. सत्तरच्या दशकात जेफ्री हॉल यांनी ते बदलून ‘फ्रुटलेस’, म्हणजे निष्फळ, असे केले. ‘फ्रु’ हे संक्षिप्त रूप तेवढे टिकले.

१९९६ मध्ये हॉल, ब्रूस बेकर आदींच्या प्रयोगशाळांनी मिळून हे जनुक वेगळे केले. गिल यांच्या क्ष-किरणांनी तिसऱ्या गुणसूत्राचा एक तुकडा उलटा बसवला होता, आणि तुटलेले एक टोक नेमके या जनुकाच्या परिसरात होते.

हे जनुक नर आणि मादी दोघांतही असते. फरक त्याच्या संदेशाची काटछाट कशी होते यात असतो. २००५ मध्ये व्हिएन्नात एब्रू डेमिर व बॅरी डिक्सन यांनी माद्यांमध्ये नराच्या पद्धतीची काटछाट घडवून आणली. त्या माद्या इतर माद्यांमागे जाऊन पंख थरथरवू लागल्या.

दोन वर्षांनी डिक्सन यांच्याच गटाने नराच्या एका कामगंधाचा ग्राहक ओळखला. तो ज्या चेतापेशींवर असतो, त्यांत ‘फ्रुटलेस’ही कार्यरत असते. त्या गंधाने नर दुसऱ्या नरापासून मागे सरतो. मादी मात्र नराला लवकर स्वीकारते.