अबूची वानरे आणि त्यांचे अभ्यासक

राजस्थानातील प्राणिवर्तनाच्या अभ्यासाला जगभर नाव मिळाले ते वानरांमुळे. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची ही वानरे देवळांच्या आवारात, बाजारात, घरांच्या गच्च्यांवर वावरतात. हनुमानाचे गण म्हणून लोक त्यांना खाऊ घालतात आणि सहसा इजा करत नाहीत. त्यामुळे ती माणसाला बुजत नाहीत, आणि एकेक वानर ओळखून त्याच्यामागे दिवसभर फिरणे अभ्यासकाला शक्य होते.

सुरुवात मात्र राजस्थानाबाहेर झाली. फिलिस जे यांनी १९५८ ते १९६० या काळात उत्तर आणि मध्य भारतातील टोळ्या पाहिल्या. त्यांना दिसलेले जीवन बहुतांशी शांत होते. युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाला आजच्या कर्नाटकातील धारवाडजवळ काही वेगळेच दिसले. १९६२ मध्ये बाहेरच्या नरांनी एका टोळीवर हल्ला केला, जुन्या नराला हुसकावले, आणि पुढे टोळीतली तान्ही पिल्ले मारली गेली. एकाच जातीबद्दलची ही दोन चित्रे जुळेनात. गर्दीमुळे बिघडलेले वर्तन, असा खुलासा अनेकांनी केला.

हा खुलासा पडताळण्यासाठी हार्वर्डची एक विद्यार्थिनी, सारा ब्लॅफर हर्डी, १९७१ मध्ये माउंट अबूला आली. वानरांची दाटी आणि पिल्लांचे मरण यांचा संबंध असणार, असे तिलाही तेव्हा वाटत होते. पण नर-माद्यांना ओळखून, नावे देऊन नोंदी ठेवू लागल्यावर वेगळाच मेळ दिसू लागला. पिल्लांवर हल्ले करणारे नर नुकतेच बाहेरून आलेले असत. पिल्लू गेलेली मादी लवकर माजावर येई आणि त्याच नराशी तिचा संयोग होई. म्हणजे नव्या नराला त्यातून स्वतःची संतती लवकर मिळत होती. माद्याही हे मुकाट्याने सोसत नव्हत्या. सोल आणि पॉलेस अशी नावे दिलेल्या दोन प्रौढ माद्यांनी दुसरीच्या पिल्लासाठी आपल्याहून दांडग्या नराला तोंड दिले. काही माद्या टोळीबाहेरच्या नरांशीही संयोग करत. त्यामुळे पितृत्व अनिश्चित राहून पिल्लाला संरक्षण मिळत असावे, असे हर्डी यांनी मांडले. १९७५ पर्यंत त्या पुन्हा पुन्हा अबूला येत राहिल्या, आणि १९७७ मध्ये त्यांचे ‘द लंगूर्स ऑफ अबू’ हे पुस्तक निघाले. मादी म्हणजे निव्वळ आई, ही तोवरची समजूत त्याने हलवली. या पुस्तकाचे सर्वांत मोठे मोल तेच आहे.

दरम्यान जोधपूरला एस. एम. मोहनोत यांनी स्थानिक टोळ्यांचा अभ्यास उभा केला होता. पिल्लांच्या हत्येवरचा त्यांचा निबंध १९७१ मधलाच आहे. फोल्कर झोमर यांच्यासारखे परदेशी अभ्यासकही पुढे तिथे आले, आणि वानरांच्या कित्येक पिढ्यांची नोंद त्या कामातून साठत गेली. हर्डी यांच्या मांडणीला विरोध मात्र चालूच होता. १९७८ मध्ये कर्टिन आणि डॉल्हिनो (म्हणजेच पूर्वीच्या फिलिस जे) यांनी माणसाने बदललेल्या परिसराकडे बोट दाखवले. नेपाळमधील रामनगरच्या वानरांची डीएनए तपासणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते, हे तिच्यातून दिसले आणि हर्डी यांच्या बाजूला मोठे बळ मिळाले.

जयपूरमध्ये राहणाऱ्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही परंपरा हाताशी आहे. अबू रोडला जयपूरहून थेट रेल्वे जाते, आणि गलताजीच्या कुंडांवरची लाल तोंडाची माकडे तर शहराच्या पूर्वेच्या डोंगरातच आहेत. सुट्टीच्या दोन महिन्यांत टोळीवरचा कब्जा पाहायला मिळेलच असे नाही. वानरांचा गर्भकाळच साडेसहा महिन्यांच्या आसपास असतो. पण तेवढ्या काळात एखादी टोळी ओळखता येते, आणि जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये नीट मांडलेल्या पद्धतीने एकेका जनावरावर ठरावीक वेळ नजर ठेवून वर्तन नोंदण्याचा सराव होतो. अशा नोंदी चालू असलेल्या दीर्घ अभ्यासात भर घालतात, म्हणून सुट्टीतल्या विद्यार्थ्याने आधीपासून टोळ्यांच्या मागावर असलेल्या गटात सामील व्हावे, हे सर्वांत चांगले. अभयारण्याच्या हद्दीत काम करायचे असेल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वनखात्याची लेखी परवानगी लागते. तिचा अर्ज सुट्टी लागण्याच्या बराच आधी करावा लागतो.