किलोमीटर कुणाचे?

खोटं वाटेल, पण १९०० सालच्या सुमारास अमेरिकेत ज्या मोटारी बनत होत्या त्यात सगळ्यात कमी संख्या पेट्रोलच्या गाड्यांची होती. तिथल्या सरकारी गणतीतले आकडे आहेत हे. एकूण ४,१९२ गाड्या. त्यात वाफेवरच्या १,६८१, विजेवरच्या १,५७५ आणि पेट्रोलच्या फक्त ९३६. पुढच्या वीस वर्षांत विजेची गाडी जवळजवळ संपली. कशी काय संपली, असं कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं: "अहो, एका चार्जवर जाणार किती?"

मलाही हे उत्तर पुरेसं वाटायचं. पण गेले काही महिने या विषयावर जे जे हाती लागलं ते वाचत सुटलोय आणि आता वाटतं की गोष्ट एवढी सरळ नाही. वाचायला कारण घरचंच आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास. (नमनाला घडाभर तेल जाणार नाही, शब्द देतो.)

१८५९ मध्ये गास्ताँ प्लाँते या फ्रेंच माणसाने पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी शिशाची बॅटरी केली. आपल्या इन्व्हर्टरला आजही तिचीच नातवंडं लागतात. १८९४ मध्ये फिलाडेल्फियात मॉरिस आणि सॅलोम या जोडगोळीने 'इलेक्ट्रोबॅट' नावाची विजेची गाडी बनवली आणि १८९७ पासून न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर त्यांच्या विजेच्या टॅक्स्या धावू लागल्या. चार्जिंगला वेळ लागतो ही अडचण त्यांनाही होतीच. त्यांनी काय केलं? टॅक्सी डेपोत आली की यंत्राने रिकामी बॅटरी ओढून काढायची आणि भरलेली आत सरकवायची. आज आपल्याकडे काही इलेक्ट्रिक रिक्षांची बॅटरी अशीच बदलतात आणि आपण म्हणतो, काय नवीन कल्पना आहे!

१८९९ च्या एप्रिलमध्ये कामिय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने ताशी १०५.८८ किलोमीटरचा वेग गाठला. शंभरी ओलांडणारी ती पहिली मोटार, आणि ती विजेची होती. म्हणजे वेगाची बोंब होती असंही नाही.

आता अंतराचं बघू. १९०७ पासून डेट्रॉइट शहरात 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' नावाच्या गाड्या बनत. कंपनीची जाहिरात असे की एका चार्जमध्ये ८० मैल, म्हणजे साधारण १३० किलोमीटर जाईल. एका चाचणीत तर ही गाडी २११ मैल, म्हणजे ३४० किलोमीटर गेली. अर्थात वेग बेताचाच, ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास. पण शहरातल्या रोजच्या फिरण्याला १३० किलोमीटर तेव्हाही भरपूर होते आणि आजही आहेत.

मग बिनसलं कुठे? कारणं बरीच आहेत आणि प्रत्येकात थोडं थोडं तथ्य आहे. टेक्सासमध्ये १९०१ साली तेलाचा मोठा साठा लागला. फोर्डच्या मॉडेल टी ने किमती पाडल्या; १९१२ मध्ये विजेची साधी गाडी १,७५० डॉलरला होती, तेव्हा पेट्रोलची ६५० ला मिळे. त्याच वर्षी कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला आणि हँडल मारून हात मोडून घेण्याची गरज संपली. गंमत बघा, विजेच्या गाडीचेच दोन अवयव, बॅटरी आणि मोटर, लहान करून पेट्रोलच्या गाडीने पोटात घातले! शिवाय शहराबाहेर वीजच नव्हती. १९३५ च्या सुमारालाही अमेरिकेतल्या दहापैकी एकाच शेतघरात वीज होती. पेट्रोल मात्र डब्यात घालून कुठेही नेता येई.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. विजेच्या गाडीला 'बायकांची गाडी' म्हणत. धूर नाही, वास नाही, गिअर नाही, हँडल नाही. जाहिरातींमध्ये टोप्या घातलेल्या बायका मैत्रिणीकडे चहाला निघालेल्या दिसतात. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा स्वतःसाठी १९१४ ची डेट्रॉइट इलेक्ट्रिक वापरत असे! साऱ्या जगाला पेट्रोलवर बसवणाऱ्या माणसाच्या घरची ही तऱ्हा. त्याच वर्षी फोर्डसाहेब एडिसनबरोबर स्वस्त विजेची गाडी आणायच्या गोष्टी करत होते, पण ती बाजारात कधी आलीच नाही.

तर बायका रोज दहा-वीस मैल विजेवर फिरत होत्या, आणि पुरुष सुट्टीतल्या लांबच्या सफरीचे मनोरे रचत होते. 'गाडी' कशाला म्हणायचं हे ठरलं ते त्या सफरीवरून. सफर वर्षातून दोनदा होवो की एकदाही न होवो, गाडी तिथवर जाऊ शकली पाहिजे. रोजचे मैल हिशोबात धरलेच गेले नाहीत.

आता घरचं कारण सांगतो. पुण्यात ताईकडे गाडी बदलायचं चाललंय. जुनी डिझेल काढायची आणि इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यायची, असं ताईच्या मनात आहे. कोथरूडहून हिंजवडीला रोज ती स्वतः गाडी नेते, जाऊन-येऊन ३८ किलोमीटर. भाऊजींचा प्रश्न एकच: "गणपतीला रत्नागिरीला जाईल का?" सव्वातीनशे किलोमीटर धरून चाला. या एका प्रश्नावर चार महिने घोडं अडलंय. मामा, काका, आत्या सगळ्यांची मतं घेऊन झाली. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, लिहूनच काढतो.

आधी आपल्याकडे काय झालं ते थोडक्यात. २००१ साली बंगळूरला 'रेवा' आली. दोन दारांची, शिशाच्या बॅटरीची, ८० किलोमीटर जाणारी. पुढे लंडनमध्ये ती बरी खपली, इथे मात्र लोकांनी खेळणं समजून सोडून दिली. खरा फरक पडला तो लिथियम-आयनने. सोनीने १९९१ मध्ये ती बॅटरी बाजारात आणली कॅमेऱ्यांसाठी, आणि जिच्यामुळे ती शक्य झाली त्या संशोधनाला २०१९ चं नोबेल मिळालं. शिशाच्या बॅटरीत किलोमागे जेवढी वीज मावते त्याच्या चारपट तरी हिच्यात मावते. २०१९ मध्ये ह्युंदाईची कोना आणि जानेवारी २०२० मध्ये टाटांची नेक्सॉन इलेक्ट्रिक आली. ही दुसरी तर आपल्या रांजणगावातच बनते. तिची बॅटरी ३०.२ युनिटची आणि कागदावरचा पल्ला ३१२ किलोमीटर. (किलोवॅट-तास म्हणजे आपल्या लाइटबिलातलं युनिटच, त्यामुळे तोच शब्द वापरतो.) २०२२ मध्ये ४०.५ युनिटवाली आली, कागदावर ४३७.

कागदावरचा आकडा हा लग्नाच्या स्थळाच्या माहितीसारखा वाचावा, खोटं काही नसतं पण दिवस चांगला निवडलेला असतो. एसी, हायवेचा वेग, चार माणसं आणि डिकीभर सामान धरून अशा गाडीला शंभर किलोमीटरला पंधरा युनिट लागतात असं समजा. म्हणजे चाळीस युनिटमध्ये २७० च्या आसपास.

आणि घाट? "घाट चढताना बॅटरी खाली बसते" हे वाक्य मी चार जणांकडून ऐकलं, म्हणून शाळेतलं गणित काढून बसलो. माणसांसकट १,८०० किलोची गाडी खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत साधारण ५०० मीटर वर उचलायची, तर अडीच युनिट लागतात. गळती धरून तीन. म्हणजे वीस किलोमीटरचा पल्ला जास्तीचा गेला, एवढंच. मुंबईला उतरताना यातलं बरंचसं परत बॅटरीत येतं, कारण उतारावर मोटरच जनरेटर होते.

याच घाटात १९१५ साली टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं. वर लोणावळ्याला धरणात साठवलेलं पाणी नळांतून खाली सोडायचं आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या. १,८०० किलोची गाडी वर चढवायला साधारण तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवरून खाली यावं लागतं, गळती धरून थोडं जास्त. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या दोन-अडीच टाक्या. बोरघाट चढायची किंमत एवढीच! क्लाराबाई डेट्रॉइटमध्ये विजेची गाडी चालवत होत्या, त्याच काळात आपल्या घाटात ही वीज तयार होऊ लागली होती.

आता चार्जिंग. पार्किंगमधल्या साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर तासाला तीनेक युनिट भरतात. पूर्ण बॅटरीला तेरा-चौदा तास, हे ऐकून माणूस घाबरतो. पण ताईचे रोजचे ३८ किलोमीटर म्हणजे सहा युनिट, दोन-सव्वादोन तास. रात्री गाडी उभीच असते. हायवेवरच्या फास्ट चार्जरवर दहा टक्क्यांपासून ऐंशीपर्यंत साधारण तासाभरात होतं, पुढचे वीस टक्के मात्र रेंगाळतात. एसटीत पहिले चढतात त्यांना पटापट जागा मिळतात, शेवटच्यांना फिरून फिरून शोधावी लागते, तसंच. म्हणून प्रवासात शंभरचा हट्ट धरू नये.

तर भाऊजी, रत्नागिरीला जाईल. सातारा-कऱ्हाडच्या पट्ट्यात एकदा थांबावं लागेल, जेवणाएवढा वेळ. पण गणपतीच्या आदल्या रात्री त्याच चार्जरवर तुमच्याआधी तीन गाड्या असतील तर? तर तीन तास मोडतील. ही अडचण खरी आहे आणि ती मी लपवणार नाही. ही अडचण बॅटरीची नाही, चार्जरच्या संख्येची आहे. शंभर वर्षांपूर्वीही नेमकं हेच होतं, गाडीपेक्षा वीज मागे पडली होती.

खर्चाचा हिशोब. वर्षाला १२,००० किलोमीटर धरले. त्यात ऑफिसचेच ९,५००, बाकी मुंबईच्या फेऱ्या आणि कोकण. चार्जिंगमधली गळती धरून शंभराला १७ युनिट. त्यातले १०,००० किलोमीटर घरच्या विजेवर, म्हणजे १,७०० युनिट. बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं म्हणून दर बारा रुपये धरू (वेगळं मीटर घेतलं तर दर वेगळा लागतो), झाले २०,४००. बाहेरचे ३४० युनिट वीस रुपयांनी, ६,८००. एकूण सत्तावीस हजार. तेवढ्याच अंतराला लिटरला १४ देणारी पेट्रोल एसयूव्ही आणि १०४ रुपये लिटर, म्हणजे ८९ हजार. वर्षाला ६२ हजार वाचले. गाडी साडेतीन लाखांनी महाग मिळत असेल तर साडेपाच वर्षांत फिटतात. अशा गाड्यांना बॅटरीची हमी आठ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची दिली गेली आहे, त्यामुळे हिशोब बसतो.

पण मामा, तुमची गाडी वर्षाला ५,००० किलोमीटर जेमतेम फिरते. तुमचे पैसे फिटायला तेरा वर्षं लागतील. तुम्ही घेऊ नका! आणि ज्यांना पार्किंगमध्ये स्वतःचा प्लग मिळणार नाही त्यांनीही थांबावं, कारण सगळं चार्जिंग बाहेर केलं तर बचतीतला बराच भाग जातो आणि रोजचा वेळ जातो तो वेगळाच.

बॅटरीची धास्ती हीसुद्धा जुनीच. १९१२ ते १९२४ या काळात अमेरिकेत हार्टफर्डच्या वीज कंपनीने एक योजना चालवली: ट्रक बॅटरीशिवाय विकत घ्या, बॅटरी आमची, तुम्ही मैलाप्रमाणे पैसे द्या. त्या योजनेत साठ लाखांहून अधिक मैल गाड्या धावल्या. २०२४ मध्ये एमजीने विंडसर गाडी आणली तेव्हा हाच पर्याय ठेवला, बॅटरीचे किलोमीटरला साडेतीन रुपये. शंभर वर्षांनी तीच युक्ती.

असो. आकडे झाले. मला शेवटी म्हणायचंय ते एवढंच. ताईचे ९,५०० किलोमीटर रोजचे, ट्रॅफिकमधले, क्लच दाबून गुडघा दुखवणारे. कोकणचे ६५० वर्षातून एकदाचे, वाटेत मिसळ आणि गाणी असलेले. घरात चर्चा झाली ती सगळी या ६५० ची. १९१४ च्या डेट्रॉइटमध्येही असंच झालं होतं आणि तेव्हा जग शंभर वर्षं धुरात गेलं. भाऊजी, गणपतीच्या तीन तासांची भीती रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे एक दिवस आधी निघणं, किंवा त्या आठवड्यापुरती काकांची गाडी मागून घेणं. रोजच्या ३८ किलोमीटरसाठी मात्र दुसऱ्या कुणाची गाडी मागून आणता येत नाही. तेव्हा जी व्यक्ती वर्षाचे अडीचशे दिवस स्टिअरिंगवर बसते, तिलाच शोरूममध्ये पुढच्या सीटवर बसवा आणि निर्णय तिच्यावर सोडा.