कावळा, फांदी आणि विहिरीचं पाणी

पाऊस बरा झाला की परभणीच्या शिवारात दोन गोष्टी एकदमच दिसतात. रान हिरवं होतं आणि विहिरी वर येतात. यावरून ‘विहिरीला पाणी आहे म्हणून रान हिरवं’ असं म्हणून मोकळं होणं सोपं. पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसलाही हा मामला असू शकतो. फांदी कावळ्यानेच मोडली का, हे आकड्यांनी तपासायची रीत गेल्या सव्वाशे वर्षांतली. तिचे मूळपुरुष लंडन-डब्लिनचे असले, तरी एक शाखा सिमल्याला फुटली, एक सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या माणसामुळे आपल्याकडे रुजली, आणि आज तिचं खरं काम पडलं आहे ते परभणीसारख्या जिल्ह्यात.

झाडावरून पाणी ओळखायची हौस मात्र त्याहून फार जुनी. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त दकार्गल नावाचा अख्खा अध्याय आहे. कोणत्या झाडाच्या कोणत्या बाजूला, किती हातांवर, किती पुरुष खोल पाणी लागेल याचे ठोकताळे त्यात दिले आहेत. निर्जल प्रदेशात वेतस दिसला तर पश्चिमेला तीन हातांवर, दीड पुरुष खोल पाणी, असा थाट. विधान इतकं नेमकं की कुणीही कुदळ घेऊन तपासावं. किती ठिकाणी खणलं आणि त्यातलं किती कोरडं गेलं, हा हिशेब मात्र तिथे नाही. आजचा पाणाड्याही तळहातावर नारळ उभा करून जागा दाखवतो. पाणी लागलेल्या विहिरीची गोष्ट पंचक्रोशीत फिरते. फसलेली बोअर सावकाराच्या वहीत जाऊन बसते. या फसलेल्या बोअरी मोजायला घेतल्या की संख्याशास्त्राची कसोटी सुरू झाली असं समजावं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला दोन राशी किती हातात हात घालून चालतात हे एका आकड्यात सांगायची सोय झाली. तो सहसंबंध गुणांक. उणे एक ते अधिक एक यांच्या मधला. कार्ल पिअर्सनने त्याचं गणित घट्ट बसवलं आणि १८९७ साली त्यानेच फसव्या सहसंबंधाचा इशाराही दिला. त्याचा शिष्य अडनी यूल पुढे गेला. दोन गोष्टींच्या मागे तिसरीच उभी असेल तर तिचा वाटा काढून टाकून उरलेलं नातं मोजायची रीत त्याने बसवली. तिला आंशिक सहसंबंध म्हणतात. परभणीच्या प्रश्नाला हीच रीत लागते, कारण रान आणि विहीर या दोहोंच्या मागे पाऊस उभा आहे.

उदाहरणादाखल आकडे मानून चला. पाऊस आणि विहिरीची पातळी यांचा गुणांक ०.८, पाऊस आणि हिरवळ यांचा ०.७, आणि विहीर-हिरवळ यांचा ०.६. शेवटचा आकडा कुणालाही खूश करणारा. आता पावसाचा वाटा वजा करा. आधी ०.८ गुणिले ०.७ म्हणजे ०.५६; ते ०.६ मधून गेले, उरले ०.०४. यूलच्या सूत्राप्रमाणे त्याला सुमारे ०.४३ ने भागायचं, की उत्तर येतं ०.०९. एवढं भक्कम दिसणारं नातं गेलं कुठे? ते पावसाचंच होतं. विहीर आणि रान एकमेकांशी जवळजवळ बोलतच नव्हते.

याच यूलने १९२६ साली आणखी एक नमुना दाखवला. १८६६ ते १९११ या काळात इंग्लंडमध्ये चर्चमध्ये लागणाऱ्या लग्नांचं प्रमाण आणि मृत्युदर यांचा सहसंबंध ०.९५ निघतो. चर्चमधली लग्नं थांबवली म्हणून माणसं अमर होत नाहीत. दोन्ही आकडे त्या काळात घसरणीला लागले होते, बस्स. मराठवाड्यात गेल्या काही दशकांत सोयाबीनचा पेरा वाढत गेला, बोअरची संख्या वाढत गेली, मोबाइलही वाढले. यातल्या कुठल्याही दोहोंचा गुणांक काढा, दणदणीत येईल. परभणीत तर वेगळाच खड्डा आहे. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्याआधीचे ‘परभणी’चे आकडे आणि नंतरचे ‘परभणी’चे आकडे एका रांगेत मांडले, तर मधोमध जो बदल दिसतो तो महसूल खात्याने केलेला असतो, निसर्गाने नव्हे.

सिमल्याची शाखा मला सगळ्यांत रंजक वाटते. गिल्बर्ट वॉकर हा केंब्रिजचा गणिती १९०४ साली हिंदुस्थानच्या वेधशाळांचा प्रमुख झाला आणि सिमल्याहून कारभार पाहू लागला. मागे १८७७ आणि १८९९ चे दुष्काळ होते आणि सरकारला मान्सूनचं भाकीत हवं होतं. वॉकरने जगभरच्या हवामानाचे आकडे गोळा करून मान्सूनशी त्यांचे सहसंबंध काढायचा धडाका लावला. ते करताना एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली आणि १९१४ साली त्याने ती हवामान खात्याच्या प्रकाशनात मांडली. शेकडो जोड्या तपासून त्यातली सर्वांत चांगली उचलायची आणि मग ती एकटीच असल्यासारखी तिची कसोटी घ्यायची, ही लबाडी आहे. वीस निरर्थक, एकमेकांशी संबंध नसलेल्या जोड्या घ्या; प्रत्येकीला योगायोगाने पास व्हायची संधी शंभरात पाच. तरी वीसमधली निदान एक पास व्हायची शक्यता ६४ टक्के भरते. वॉकरने त्यासाठी कडक निकष सुचवला.

आजच्या उपग्रहाच्या जमान्यात हा इशारा जास्तच लागू पडतो. परभणी जिल्हा सुमारे ६,२५० चौरस किलोमीटरचा. २५० मीटर बाजूच्या चौकटी पाडल्या तर लाखभर होतात. प्रत्येक चौकटीत ‘हिरवळ आणि भूजल यांचं नातं आहे का’ अशी चाचणी घेतली, तर नातं मुळीच नसलं तरी पाचेक हजार चौकटी ‘आहे’ म्हणतील. नकाशावर त्या लाल रंगात छान दिसतात आणि भाषणात उपयोगी पडतात.

मधली पिढी सर्वांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगतो. १९०८ साली डब्लिनच्या गिनेस दारूभट्टीतल्या गॉसेटने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने थोड्या नमुन्यांवरची कसोटी दिली. रॉनल्ड फिशर १९१९ साली रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात गेला. तिथल्या गव्हाच्या अनेक दशकांच्या उताऱ्यावर पावसाचा परिणाम त्याने तपासला, तेव्हा सरासरीहून जास्त पाऊस त्या गव्हाला एकंदरीत मारक ठरतो असं निघालं. ओल्या इंग्लंडमधला हा निष्कर्ष परभणीच्या कोरडवाहूला लावायला गेलात तर शेतकरी हसेल. पाण्याशी पिकाचं नातं कुठल्या दिशेचं, हे हवामानावरही ठरतं, याचा हा पहिला धडा.

आपल्याकडची शाखा पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांची. जन्म १९११, बुध. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्रज्ञ नेमन आणि धाकटे पिअर्सन (कार्लचे चिरंजीव) यांच्या हाताखाली १९३६ साली डॉक्टरेट. त्याच इमारतीत फिशरही होता, आणि दोन गटांचं एकमेकांशी पटत नव्हतं. परत येऊन त्यांनी पिकांचा उतारा मोजण्याचं काम हाती घेतलं. त्याआधी आणेवारी म्हणजे पाहणी करणाऱ्याचा अंदाज होता. सोळा आणे पीक कशाला म्हणायचं ते त्यानेच ठरवायचं. सुखात्मे आणि विनायक पानसे यांनी गाव, शेत आणि शेतातला तुकडा चिठ्ठी टाकल्यासारखा निवडायची शिस्त आणली. तुकडा फार लहान घेतला तर उतारा फुगतो हेही सुखात्म्यांनी दाखवलं. कारण अगदी साधं: कापणाऱ्याचा हात काठावरच्या ताटाला ‘आत’ ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितका त्यात काठाचा वाटा जास्त. आजच्या पीक कापणी प्रयोगात ज्वारी-सोयाबीनला १० मीटर बाय ५ मीटरचा प्लॉट पडतो, त्यामागे हा जुना धडा आहे. १९५४ साली या दोघांचं ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर अ‍ॅग्रिकल्चरल वर्कर्स’ निघालं. कृषी विद्यापीठातला प्रबंध उघडा, कार्यपद्धतीच्या प्रकरणात ‘पानसे आणि सुखात्मे’ भेटतातच. काही प्रबंधांत ती दोन नावं देवाला हळदकुंकू वाहावं तशी वाहिलेली असतात, तो भाग सोडा.

मग १९७२ साल उजाडलं. महाराष्ट्रात मोठा दुष्काळ. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणाही त्याच सुमाराची. २३ जुलैला अमेरिकेने पुढे लँडसॅट म्हणून ओळखला गेलेला पहिला उपग्रह सोडला. त्याच्या चित्रांवरून पुढच्या वर्षी टेक्सासच्या संशोधकांनी एनडीव्हीआय मांडला. हिरवं पान लाल प्रकाश पिऊन टाकतं आणि अवरक्त परतवतं. दोहोंच्या फरकाला दोहोंच्या बेरजेने भागलं की हिरवळीचा आकडा मिळतो. १९७२ मध्येच जॉन मॉन्टीथ या शास्त्रज्ञाने पानांनी शोषलेल्या सूर्यप्रकाशावरून वनस्पतीची उत्पादकता काढायचा मार्ग दाखवला. पुढे काही वर्षं तो परभणीपासून फार लांब नसलेल्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेत होता. हिरवळ मोजायची सोय आभाळातून झाली, भूजल मोजायची जमिनीवरून, आणि पावसाचे आकडे होतेच.

भूजलाची मोजणी अजूनही बरीचशी टेपवर चालते. निरीक्षण विहिरीच्या कठड्यावरच्या ठरलेल्या खुणेपासून पाण्यापर्यंत टेप सोडायचा, वाचन घ्यायचं आणि त्यातून कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करायची. शेजारच्या विहिरीवर मोटर चालू असेल तर वाचन खोटं पडतं, म्हणून तीही चौकशी करायची. वर्षातून चारदा हे होतं. वीस वर्षांची ऐंशी वाचनं म्हणून हुरळून जाऊ नये. पावसाळे त्यात वीसच.

झाड जमिनीखालचं पाणी खरोखर पितं याचा सुंदर पुरावा १९३२ सालचा. वॉल्टर व्हाइटने अमेरिकेतल्या युटामध्ये एस्कलांटे खोऱ्यातल्या विहिरींवर नोंदयंत्रं बसवली. दिवसा पातळी उतरायची, रात्री सावरायची. उन्हात मुळं ओढत होती आणि अंधारात थांबत होती. या चढ-उतारावरून झाडं किती पाणी पितात ते त्याने काढलं. म्हणजे नात्याची दिशा उलटीही असते. पाणी हिरवळ वाढवतं हे खरं, पण हिरवळ पाणी संपवतेही.

२०१७ साली सुजन कोइराला आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न साऱ्या पृथ्वीला विचारला. वनस्पतींची उत्पादकता आणि भूजलाची खोली यांचं नातं, जगातल्या दोन तृतीयांशांहून अधिक हिरव्या भूभागात निदान एका ऋतूत तरी दिसतं. कोरड्या प्रदेशात, गवत-झुडपांच्या रानात पाणी वर तर उत्पादकता जास्त. दमट प्रदेशात, जंगलात उलट. झाडं जोमात आणि पाणी खोल. आणि हा फरक हवामानापेक्षा वनस्पतीच्या प्रकाराशी जास्त जुळतो, असा त्यांचा निष्कर्ष. वनस्पती महत्त्वाची की हवामान, हे जगाच्या पातळीवर आकड्यांनी तपासायचा हा मोठा प्रयत्न.

परभणीत जंगल कुठलं, असं कुणी म्हणेल. पण इथे तोच खेळ पिकांच्या रूपाने चालतो. खरिपातलं सोयाबीन पावसावर जगतं. ऑक्टोबरात ते हिरवं आणि विहीर भरलेली दिसते, कारण दोघांना एकाच आभाळाने पाजलं. रब्बी ज्वारी काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर निघते. ती ओल वरच्या चार-पाच फुटांतली, विहिरीचं पाणी खाली मुरमात नि मांजऱ्या खडकात. चिकण माती फुगून बसली की वरचं खाली फारसं जात नाही. त्यामुळे विहीर खोल गेली तरी ज्वारी तरारलेली असू शकते. मार्च उजाडला की शिवारात हिरवं उरतं ते बागायती, मोटरच्या जोरावर. तिथे जितकं हिरवं तितकी विहीर खाली. आणि पाथरी-मानवतकडे जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली याच्या पुन्हा उलट: ऊसही हिरवा आणि कालव्याच्या पाझराने विहिरीही वर.

ही चारही चित्रं एकत्र घालून सरासरी गुणांक काढला तर अधिक-उणे एकमेकांना खाऊन शून्याच्या जवळ येतं, आणि ‘परभणीत भूजलाचा आणि पिकाचा संबंध नाही’ असं छापता येतं. म्हणून कसोटीत पीक, ऋतू आणि पाऊस ही नुसती वेगळी पदं घालून भागत नाही. त्यांचे गुणाकारही घालावे लागतात. भूजलाचा परिणाम ज्वारीत एक आणि उसात दुसरा आहे का, हा प्रश्न त्या गुणाकाराच्या पदाला विचारायचा असतो. फिशरने याला आंतरक्रिया म्हटलं. कालव्याखालची आणि कालव्याबाहेरची गावं तर वेगळ्याच रकान्यात हवीत.

हे सगळं प्रबंधापुरतं राहिलं असतं तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. केंद्राची २०१६ ची दुष्काळ संहिता आली आणि महाराष्ट्राने ७ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने तिचे निकष घेतले. पैसेवारीच्या, म्हणजे जुन्या आणेवारीच्या, जागी पाऊस, पेरणी, उपग्रहावरून हिरवळ, मातीतला ओलावा, धरणसाठा आणि भूजल असे निर्देशांक आले. ३१ ऑक्टोबर २०१८ ला १५१ तालुके त्यावरून जाहीर झाले. अंदाजापेक्षा हे कितीतरी बरं, यात वाद नाही. पण हिरवळ आणि भूजल हे दोन स्वतंत्र साक्षीदार धरले जातात, तेव्हा त्यांनी साक्ष एकाच पावसाकडून पढवून घेतली आहे का, हे यूलच्या सूत्राने तालुकानिहाय तपासायला हवं. कालव्याकाठचा ऊस तालुक्याची सरासरी हिरवी करतो, कालव्याच्या पाझरावरची निरीक्षण विहीर त्याला दुजोरा देते, आणि त्याच तालुक्यातल्या बरड रानातलं सोयाबीन शेंगा न भरताच वाळून गेलेलं असतं.