कडुनिंबाचा खटला

कडुनिंबाचं पेटंट आपण वेद-पुराणांच्या जोरावर हाणून पाडलं, असं सांगणारं एक ढकलपत्र अजूनही फिरत असतं. परवा भाचीने तेच पाठवून विचारलं, "मामा, खरं का हे?" अर्धंमुर्धं खरं आहे. उरलेलं जास्त गमतीचं आहे, म्हणून हे टंकायला बसलो.

युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये अमेरिकेचं कृषिखातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना एक पेटंट दिलं. ते झाडावर नव्हतं. निंबोळीच्या तेलाचं इमल्शन लावून पिकावरची बुरशी आटोक्यात ठेवायची पद्धत, एवढंच त्यात होतं. तेल ०.१ ते १० टक्के, ते पाण्यात मिसळवणारा पदार्थ ०.००५ ते ५ टक्के, आणि पाणी.

यात काय मोठंसं, असं वाटेल. पण ज्याने पाठीवर पंप घेतलाय त्याला विचारा. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. म्हणून तेलाचे बारीक थेंब सुटे राहतात आणि पाणी दुधासारखं पांढरं दिसतं. पण विहिरीचं पाणी जड असलं की साबणच निकामी होतो आणि सगळं नासक्या दुधासारखं फाटतं. मग पंपातून आधी नुसतं पाणी येतं आणि शेवटी नुसतं तेल. शेवटच्या ओळीतल्या वांग्यांची पानं करपलीच म्हणून समजा! थंडीत तर हे तेल बाटलीतच थिजतं. आमचे वडील साबणाऐवजी रिठ्याचं पाणी घालत. रिठ्याला जड पाण्याची बाधा होत नाही, हे त्यांना रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होतं.

असो. १९९५ मध्ये वंदना शिवा, युरोपीय संसदेतल्या माग्दा आल्वूत आणि सेंद्रिय शेतीच्या जागतिक संघटनेच्या लिंडा बुलार्ड यांच्या पुढाकाराने या पेटंटाला हरकत घेतली गेली. मे २००० मध्ये म्यूनिकला सुनावणी झाली. तिथे वजन पडलं ते अभय फडके या पुण्याच्या उद्योजकांच्या साक्षीचं. पेटंटात लिहिलेल्या पद्धतीशी जुळणारं काम त्यांनी आधीच केलं होतं. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात, पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर. पेटंट रद्द झालं. वरचं अपीलही ८ मार्च २००५ रोजी फेटाळलं गेलं.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे मला यातली गोम फार भावली. 'आमच्याकडे हे पूर्वापार चालत आलंय' असं कोणीही म्हणू शकतो. साल, जिल्हा, शेत आणि समोर उभा राहणारा साक्षीदार असला की मग वकिलालाही बोलणं अवघड होतं.

अमेरिकेत मात्र हीच साक्ष चालली नसती. तिथे तेव्हा परदेशातला नुसता वापर धरत नसत, छापील पुरावा लागे. हळदीचं पेटंट १९९७ मध्ये तिथे रद्द झालं ते छापील मजकूर दाखवता आला म्हणून. हा नियम २०१३ मध्ये बदलला. आणि भाचीसाठी आणखी एक: युरोपातल्या त्या पेटंटामुळे आपल्या शेतकऱ्याची फवारणी बंद पडली असती, हे खोटं. ते तिकडच्या देशांपुरतं होतं. तिकडे माल विकणाऱ्याची मात्र पंचाईत झाली असती.

वडिलांच्या रिठ्याची माझ्याजवळ एका ओळीचीही नोंद नाही. दादा, त्यांच्या हिशेबाच्या वह्या तुझ्याकडे माळ्यावर आहेत ना? रिठे कुठल्या साली आणि किती आणले, ते जरा बघून कळव.