खाण बुजवण्याच्या पैशाची कुळकथा

नवरात्रात केडगावच्या रेणुकामातेचं मंदिर दिव्यांनी उजळतं. त्या दिव्यांना वीज लागते, आणि आपल्या नगर जिल्ह्यात कोळशाची एकही खाण नाही. पण राज्याच्या विजेत चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचा मोठा वाटा आहे. कोळसा जळतो, वीज सगळीकडे जाते, खड्डा मात्र वर्धेच्या खोऱ्यातल्या गावांपाशी राहतो. तो बुजवायचा पैसा कोणाचा?

ही गोष्ट जुनी आहे. डिसेंबर १९३६ मध्ये बंगालच्या राणीगंज पट्ट्यातल्या पोईडीह खाणीत स्फोट होऊन २०९ माणसं गेली. १९३९ मध्ये कायदा झाला: कोळशावर टनामागे उपकर घ्यायचा आणि त्यातून पोकळ झालेल्या भुयारांत वाळू भरायची. हेतू कामगारांच्या सुरक्षेचा होता, पण खाणीची भरपाई कोळशानेच करावी हा विचार इथे कायद्यात आला. अमेरिकेने १९७७ मध्ये तो जमिनीला लावला. खुल्या खाणीच्या टनाला ३५ सेंट, भुयारी खाणीच्या टनाला १५ सेंट. त्यातून मालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या खाणी दुरुस्त करायच्या.

आपल्याकडे २००९ मध्ये कोळसा मंत्रालयाने खाण बुजवण्याच्या खर्चासाठी एस्क्रो, म्हणजे राखीव, खातं सक्तीचं केलं. दर ठरला खुल्या खाणीला हेक्टरी ६ लाख, भुयारी खाणीला १ लाख. म्हणजे ५०० हेक्टरच्या खुल्या खाणीचे ३० कोटी. ते खाणीच्या उरलेल्या वर्षांवर वाटायचे आणि हप्ता दरसाल ५ टक्क्यांनी वाढवायचा. पैसा कंपनीचा, पण कोळसा नियंत्रकाच्या संमतीशिवाय तो हलत नाही. ढिगाऱ्यांचा उतार कमी केला, वरची सुपीक माती परत पसरली, झाडं लावली, की तपासणी करून दर पाच वर्षांनी जमा रकमेच्या ८० टक्क्यांपर्यंत परत मिळण्याची तेव्हा सोय होती. हा हिशेब मला मनापासून पटतो, कारण खाण चालू असतानाच कंपनीच्या हाती पैसा असतो.

पण २००९ पूर्वी बंद पडलेल्या खाणींना खातंच नव्हतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याची खाण तर १९०६ मध्येच बंद झाली. अशा खाणींसाठी मार्गदर्शक सूचना यायला २०२२ उजाडलं. दरम्यान २०१० पासून कोळशावर स्वच्छ ऊर्जा उपकर होता. २०१६ मध्ये तो टनाला ४०० रुपयांवर गेला आणि २०१७ मध्ये जीएसटीच्या भरपाईकडे वळवला गेला. त्यातला ठरावीक हिस्सा या जुन्या खड्ड्यांसाठी कायद्यानेच राखून ठेवायला हवा होता. जमीन गेली ती तिथल्या शेतकऱ्यांची, आणि त्या कोळशावर दिवे आपलेही लागले.