एका फोनचा एक डॉलर

परवा भाच्याच्या शाळेतून ताईला बोलावणं आलं. स्वारी नववीत. भूगोलाच्या तासाला बाकाखाली मोबाईल चालू होता. ताई म्हणाली, "तूच बोल रे त्याच्याशी, तुझं ऐकतो तो." आता दिवसाचे दहा तास स्क्रीनकडे बघून पोट भरणाऱ्या मामाने कुठल्या तोंडाने बोलायचं? मग नेहमीची पळवाट काढली. शनिवारी सकाळी चहा घेऊन या भांडणाचा इतिहास वाचत बसलो.

गंमत म्हणजे भांडणाची सुरुवात मोबाईलपासून नाही, पेजरपासून झाली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी शाळेत पेजरला बंदी केली. कारण अभ्यास नव्हे, तर अमली पदार्थांचा धंदा. पेजर असलेला पोरगा म्हणजे नक्की विक्रेता, असा हिशोब! पुढे १९९९ मध्ये कोलंबाईनच्या शाळेत गोळीबार झाला, २००१ मध्ये न्यूयॉर्कचे मनोरे पडले, आणि पालकच म्हणू लागले की पोरांजवळ फोन हवाच.

न्यूयॉर्कमध्ये मात्र महापौर ब्लूमबर्ग यांनी २००६ च्या सुमारास बंदी कडक केली. पालक कोर्टात गेले, पण २००८ मध्ये अपील कोर्टानेही शहराच्याच बाजूने निकाल दिला. आता खरी मेख बघा. नियम सगळ्या शाळांना सारखाच होता. पण ज्या शाळांच्या दारात मेटल डिटेक्टर नव्हते, तिथली मुलं फोन खिशात ठेवून आत जायची आणि मास्तर काणाडोळा करायचे. डिटेक्टर होते ते मुख्यतः गरीब वस्त्यांतल्या शाळांत. तिथल्या मुलांसाठी शाळेबाहेर गाड्या उभ्या राहू लागल्या. सकाळी फोन द्या, संध्याकाळी घ्या, दिवसाचा एक डॉलर. कोपऱ्यावरचे किराणावालेही हाच धंदा करू लागले. शाळेचे दिवस वर्षाला साधारण १८०, म्हणजे १८० डॉलर. नियम एकच, पण पैसे भरायचे ते गरिबाने. शेवटी महापौर डी ब्लासिओ यांनी मार्च २०१५ मध्ये ही बंदी उठवली.

आणि त्याच २०१५ मध्ये इंग्लंडमधला एक अभ्यास आला. बर्मिंगहॅम, लंडन, लेस्टर आणि मँचेस्टर इथल्या ९१ शाळा. बंदीनंतर हुशार मुलांच्या गुणांत काही फरक पडला नाही. मात्र वर्गातल्या सगळ्यात मागच्या मुलांचे गुण वाढले. आठवड्याला एक तास जादा शाळा भरवावी, साधारण तेवढा फायदा. म्हणजे फोनचा फटकाही दुबळ्यालाच, आणि न्यूयॉर्कमध्ये बंदीचा भुर्दंडही दुबळ्यालाच! पुढे २०२० मध्ये स्वीडनमध्ये तसाच अभ्यास झाला, तर तिथे परिणाम जवळपास शून्य. त्यामुळे बंदी म्हणजे रामबाण औषध, असं म्हणायची सोय नाही.

तरी जग फिरून तिथेच आलं. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा केला. न्यूयॉर्क राज्याने २०२५ च्या शैक्षणिक वर्षापासून पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत फोन बंद केले. मात्र यावेळी फोन ठेवायची सोय शाळेनेच करायची. ही सुधारणा मला बंदीपेक्षा महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे सीबीएसईने २००९ मध्येच शाळेतल्या मोबाईलवर निर्बंध घातले होते. मग २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि शाळाच मोबाईलमध्ये शिरली. ज्या वस्तूला हात लावू नको म्हणत होतो, ती आपणच पोरांच्या हातात दिली. नंतर परत मागताना आपला आवाज जरा खालीच असायला हवा, नाही का?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये वेगळाच तोडगा काढला. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला. मला यातलं आवडलं ते हे, की फोन फक्त मुलांचे नव्हे, घरातल्या मोठ्यांचेही बाजूला ठेवायचे.

तर रविवारी ताईकडे गेलो. भाषण दिलं नाही. सात वाजता आम्ही तिघांनी आपापले फोन कपाटाच्या खणात टाकले. भाच्याने निमूटपणे भूगोल काढला. साडेआठपर्यंत त्या खणाकडे माझाच हात तीनदा गेला, आणि तिन्ही वेळा त्याने तो पाहिला.